जन्मठेप आणि माफीचे दिवस

दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची शिक्षा कमी करण्याचे जे मार्ग आज भारतात आहेत, ते दोन अगदी वेगळ्या परंपरांतून आले आहेत. पहिली परंपरा राजाच्या कृपेची आहे. राज्याभिषेक, पुत्रजन्म किंवा युद्धातील विजय अशा निमित्ताने बंदिशाळेची दारे उघडली जात आणि कोणाला सोडायचे हे सर्वस्वी राजाच्या मर्जीवर असे. दुसरी परंपरा कारागृहाच्या दफ्तराची आहे. कैद्याने महिनाभर शिस्त पाळली आणि नेमून दिलेले काम पुरे केले की त्याच्या नावावर काही दिवस जमा होत आणि तेवढे दिवस त्याच्या शिक्षेतून वजा केले जात. या जमा दिवसांना कायद्याच्या मराठीत ‘सूट’ म्हणतात आणि बराकीत सरळ ‘माफी’ म्हणतात. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत या दोन परंपरा एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण दहा वर्षांतून किती दिवस उणे करायचे हे साध्या वजाबाकीने सांगता येते. जन्मठेपेत मात्र ज्या संख्येतून वजा करायचे ती संख्याच कोणाला ठाऊक नसते, आणि ती कोणी ठरवायची या प्रश्नावर गेली शंभरेक वर्षे तुरुंगखाते, सरकार आणि न्यायालये यांचे एकमत झालेले नाही.

कृपेची परंपरा फार जुनी आहे. राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी आणि पौर्णिमेला बालक, वृद्ध, आजारी आणि अनाथ बंदिवानांना सोडावे, तसेच नवा प्रदेश जिंकल्यावर, युवराजाच्या अभिषेकप्रसंगी किंवा राजपुत्राच्या जन्माच्या वेळी बंधमोक्ष करावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे होईपर्यंत आपण पंचवीस वेळा बंदिमोक्ष केला अशी नोंद आहे, म्हणजे जवळजवळ दरवर्षी एकदा ही प्रथा पाळली जात होती. मराठेशाहीत स्वतंत्र तुरुंग असे फारसे नव्हतेच. डोंगरी किल्ले हेच तुरुंग होते, आणि तेथील कैद्याला धार्मिक कार्यासाठी काही दिवस घरी जाऊ देण्याची रीतही होती. शिक्षेची मुदत बहुधा आधी ठरलेली नसे, त्यामुळे शिक्षेत कपात करण्याचा प्रश्नही उद्भवत नसे; दंड भरला, जामीन मिळाला किंवा सरकारची मर्जी फिरली की बेडी तुटे. या व्यवस्थेला दयाळू किंवा क्रूर यांपैकी एकच विशेषण लावणे चुकीचे ठरेल, कारण तिच्यात दोन्हींना सारखाच वाव होता.

हिशेबाची परंपरा इंग्रजी अंमलाबरोबर आली आणि तिचा उगम एका दूरच्या बेटावर शोधावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेटावर इंग्रजांची काळ्यापाण्यासारखी वसाहत होती. १८४० ते १८४४ या काळात तिचा प्रमुख असलेल्या अलेक्झांडर मॅकोनोकी या आरमारी अधिकाऱ्याने असा विचार मांडला की शिक्षा वर्षांत मोजू नये, कामात मोजावी. कैद्याने श्रम आणि चांगली वागणूक यांच्या बळावर गुण मिळवावेत, ठरावीक गुण भरले की त्याची सुटका व्हावी, आणि आळस किंवा बेशिस्त झाली तर गुण कापले जावेत. वरिष्ठांना हा प्रयोग रुचला नाही आणि मॅकोनोकीला परत बोलावण्यात आले. पण पुढे वॉल्टर क्रॉफ्टन याने आयर्लंडच्या तुरुंगांत हीच कल्पना टप्प्याटप्प्याच्या रूपात रुजवली आणि तेथून ती साम्राज्यभर पसरली. हिंदुस्थानात १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम ५९ ने ‘गुण देणे आणि शिक्षा कमी करणे’ यांविषयी नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. शिक्षा देण्याचे काम न्यायाधीशाचे, हे तत्त्व न बदलता शिक्षेची प्रत्यक्ष लांबी ठरवण्याचा काही वाटा या एका ओळीने तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती गेला.

या व्यवस्थेचे जन्मठेपेपुरते सर्वांत पक्के रूप अंदमानात दिसते. पोर्ट ब्लेअरची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे जन्मठेपेच्या कैद्याची एक ठरलेली शिडी तयार झाली होती. पहिले सहा महिने त्याला सेल्युलर जेलच्या कोठडीत एकटे ठेवत. नंतरचे दीड वर्ष तो इतरांबरोबर काम करी, पण झोपायला कोठडीत जाई. पुढची तीन वर्षे बराकीत राहून पहाऱ्याखाली विनामोबदला कष्ट. त्यापुढची पाच वर्षे तसेच कष्ट, पण थोडा भत्ता आणि मुकादमीसारखी लहानसहान कामे मिळण्याची शक्यता. अशी दहा वर्षे चांगल्या वागणुकीत गेली की त्याला ‘तिकीट’ मिळे. म्हणजे तो वसाहतीतल्या गावात स्वतःच्या मिळकतीवर राही, शेती करी, गुरे पाळी, लग्न करी किंवा देशातून बायकामुले बोलावून घेई. मात्र बेट सोडून जाण्याची त्याला मुभा नसे. एकूण वीस ते पंचवीस वर्षे निभावली की पूर्ण सुटका होऊ शकत असे. आजन्म काळ्यापाण्याच्या शिक्षेत ‘आजन्म’ हा शब्द असूनही सरकारी व्यवहारात तिला असा शेवट होता, आणि कैद्याला तो आधीपासून ठाऊक होता, ही या शिडीची खरी ताकद होती.

राजकीय कैद्यांना मात्र ही शिडी चढू दिली जात नसे. विनायक दामोदर सावरकर यांना दोन जन्मठेपा मिळून पन्नास वर्षांची शिक्षा झाली होती आणि जुलै १९११ मध्ये ते अंदमानात पोहोचले. त्यांच्या नावापुढे ‘ड’ हे अक्षर लावले गेले, आणि ते धोकादायक कैद्याची खूण होती. त्यांच्याबरोबर आलेले खुनाचे व दरोड्याचे कैदी सहा महिन्यांनी कोठडीबाहेर गेले, तरी ते आतच राहिले. १९१३ च्या अर्जात त्यांनी सरकारपुढे जी गाऱ्हाणी मांडली त्यांत हा मुद्दा आहेच, शिवाय हिंदुस्थानातील तुरुंगात ठेवले असते तर आपल्याला माफीचे दिवस मिळाले असते आणि नातेवाइकांच्या भेटी झाल्या असत्या, असेही त्यांनी म्हटले आहे. या अर्जांवर पुढे जो वाद माजला त्यात दोन्ही बाजूंनी हा हिशेबी भाग सहसा गाळला जातो. प्रत्यक्षात तो कैद्याच्या दृष्टीने कळीचा होता, कारण ज्या जागी माफी साठत नाही तेथे शिक्षेची वर्षे आहेत तेवढीच राहतात.

सरकारच्या हातातील दुसरे साधन फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. १८९८ च्या संहितेचे कलम ४०१ सांगत होते की सरकार कोणत्याही वेळी, अटी घालून किंवा अटींशिवाय, शिक्षा तहकूब करू शकते किंवा तिचा सर्व वा काही भाग माफ करू शकते, त्यासाठी शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचे मत मागवू शकते आणि अट मोडली तर माफी रद्द करून कैद्याला पुन्हा आत टाकू शकते. राजाच्या कृपेलाच येथे कायद्याचा पोशाख चढवला होता. लोकमान्य टिळकांना सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅक्स म्यूलर, विल्यम हंटर आदींच्या अर्जानंतर सरकारने सुमारे सहा महिने माफ केले आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते सुटले, पण पुन्हा राजद्रोहाचा गुन्हा शाबीत झाला तर माफ केलेले महिनेही भोगावे लागतील अशी अट त्या सुटकेला जोडलेली होती. १९०८ मधील सहा वर्षांची शिक्षा मात्र त्यांना मंडालेत जवळजवळ शेवटपर्यंत भोगावी लागली.

या कलमाचे दोन टोकांचे उपयोग एकाच तुरुंगात, महिनाभराच्या अंतराने पाहायला मिळतात. १९२१ मध्ये अंदमानातून आणलेले सावरकर रत्नागिरीच्या तुरुंगानंतर येरवड्यात होते. ६ जानेवारी १९२४ रोजी मुंबई सरकारने त्यांना सोडले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि पाच वर्षे राजकारणात भाग घ्यायचा नाही या अटींवर. पाच वर्षांची ही मुदत पुढे वाढतवाढत गेली आणि मे १९३७ मध्ये, प्रांतिक स्वायत्ततेचे मंत्रिमंडळ आल्यावर, संपली. त्याच येरवड्यात मार्च १९२२ पासून गांधीजी सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. ही शिक्षा देताना न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या सहा वर्षांचा आधार घेतला होता आणि पुढे सरकारला ती कमी करता आली तर आपल्याइतका आनंद कोणालाही होणार नाही असेही म्हटले होते. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली आणि ५ फेब्रुवारीला सरकारने उरलेली चार वर्षे कोणतीही अट न घालता माफ केली. सरकार तेच होते आणि अधिकारही तोच होता, पण एकाला तेरा वर्षे जिल्ह्याची वेस ओलांडता आली नाही आणि दुसरा दुसऱ्या दिवसापासून कोठेही जाण्यास मोकळा होता. या फरकामागे कैद्याची वागणूक नव्हती. माणूस बाहेर असण्याची सरकारला किती भीती वाटते आणि तो आत असताना दगावला तर काय होईल, या दोन अंदाजांवर तो ठरला होता.

दरम्यान सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंग समितीने १९१९-२० मध्ये देशभरच्या कारागृहांची पाहणी केली आणि दीर्घ मुदतीच्या प्रत्येक कैद्याच्या शिक्षेचा ठरावीक काळानंतर एका मंडळाने फेरविचार करावा अशी शिफारस केली. कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता शासनाने आपणहून विचार करावा, हे तिचे म्हणणे होते. ते कायद्याच्या पातळीवर स्पष्टपणे मान्य व्हायला पुढे शंभर वर्षे लागली.

तुरुंगातील हिशेब कसा चालतो हे येथे थोडे तपशिलात सांगायला हवे. प्रत्येक शिक्षाबंद्याच्या नावाने ‘हिस्ट्री तिकीट’ नावाची पत्रिका असते; तिच्यावर त्याची शिक्षा, काम, आजार, तुरुंगातील गुन्हे आणि मिळालेली माफी यांच्या नोंदी होतात. वागणूक आणि काम यांबद्दल दरमहा मिळते ती सामान्य माफी. वर्षभर एकही गुन्हा न केल्याबद्दल मिळते ती वार्षिक माफी. पळून जाणाऱ्याला पकडून देणे, आग विझवणे, कर्मचाऱ्याला वाचवणे अशा कामगिरीबद्दल अधीक्षक किंवा महानिरीक्षक देतात ती विशेष माफी. आणि स्वातंत्र्यदिनासारख्या निमित्ताने सरकार सरसकट जाहीर करते ती राज्यमाफी. समजा, दहा वर्षांच्या कैद्याला महिन्याला पाच दिवस मिळाले, तर वर्षाला साठ दिवस होतात आणि तो दहा वर्षे पुरी होण्याच्या बराच आधी बाहेर येतो. जन्मठेपेच्या कैद्याच्या तिकिटावरही हे दिवस तसेच जमा होत राहतात. ते कोठून वजा करायचे हा पेच सुटावा म्हणून मुंबई प्रांताच्या नियमांत, माफीच्या हिशेबापुरती, जन्मठेप म्हणजे साधारण पंधरा वर्षे धरली जात असे, तर भारतीय दंडविधानाच्या कलम ५७ मध्ये, शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरती, ती वीस वर्षे धरली होती. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा आजही गावोगाव ऐकू येणारा समज कलम ५५ च्या एका तरतुदीतून आला असावा. त्या कलमाने सरकारला जन्मठेपेऐवजी चौदा वर्षांपर्यंतची कैद देण्याचा अधिकार दिला होता. थोडक्यात, एकाच शिक्षेसाठी कायद्याच्या पुस्तकांत तीन वेगवेगळे आकडे होते आणि तिन्ही वेगवेगळ्या कामांसाठी होते.

हा घोळ न्यायालयात प्रथम आणला तो १९३० च्या लाहोर कटाच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या पंडित किशोरीलाल यांनी. आपल्याला समुद्रापार पाठवलेच नाही, देशातल्याच तुरुंगात ठेवले, तेव्हा ही शिक्षा काळ्यापाण्याची राहिली नाही आणि तिची मुदत संपली आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४४ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या दुरुस्तीने ‘आजन्म काळेपाणी’ हे शब्द जाऊन ‘आजन्म कारावास’ आला आणि १ जानेवारी १९५६ पासून तो लागू झाला; पण आजन्म म्हणजे किती, याचे उत्तर त्या दुरुस्तीनेही दिले नाही.

ते उत्तर मिळाले ते गोपाळ गोडसे याच्या अर्जावर. गांधीहत्येच्या खटल्यात १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पंजाबातल्या तुरुंगातून पुढे त्याला नाशिकच्या कारागृहात आणले गेले आणि तेथे इतर कोणत्याही शिक्षाबंद्याप्रमाणे त्याच्या नावावर माफी जमा होत गेली. ३० सप्टेंबर १९६० पर्यंतचा तो जमाखर्च सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदला आहे आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे: सामान्य माफी ८३६ दिवस, विशेष माफी २०६, शारीरिक शिक्षणाबद्दल ११३, साक्षरतेच्या कामाबद्दल १०८, वार्षिक चांगल्या वर्तनाबद्दल २५० आणि राज्यमाफी १,३८०, एकूण २,८९३ दिवस, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे. या आकड्यांत एक गोष्ट लगेच नजरेत भरते. एकूण माफीतला निम्म्याजवळचा भाग राज्यमाफीचा आहे, म्हणजे कैद्याने कमावलेला नसून सरकारने सणासुदीला वाटलेला आहे. हिशेबाची परंपरा कृपेपासून वेगळी आहे असे कागदावर दिसत असले, तरी तुरुंगाच्या वहीत दोन्ही केव्हाच एकत्र नांदू लागल्या होत्या.

प्रत्यक्ष भोगलेली वर्षे आणि माफीचे दिवस मिळून वीस वर्षे होऊन गेली, सबब आपल्याला आत ठेवणे बेकायदा आहे, असे गोडसेचे म्हणणे होते. १२ जानेवारी १९६१ रोजी न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निकालाने ते अमान्य केले. जन्मठेप म्हणजे कैद्याचे उरलेले संपूर्ण नैसर्गिक आयुष्य. दंडविधानातली वीस वर्षे केवळ अपूर्णांक काढण्यासाठी आणि तुरुंग नियमांतली पंधरा वर्षे केवळ माफीची आकडेमोड करण्यासाठी. तुरुंगाच्या नियमांना न्यायालयाने दिलेली शिक्षा बदलण्याचे सामर्थ्य नाही. म्हणून माफी कितीही साठली तरी कलम ४०१ खाली सरकार आदेश काढत नाही तोवर सुटकेचा हक्क उत्पन्न होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकाल कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे, पण त्याचा एक परिणाम विचित्र झाला. नॉरफोक बेटापासून अंदमानापर्यंत ज्या तत्त्वावर माफीची इमारत उभी होती ते तत्त्व, म्हणजे आपल्या वागण्याने आपण सुटकेचा दिवस जवळ आणू शकतो ही कैद्याची खात्री, जन्मठेपेपुरते संपले. दिवस पूर्वीप्रमाणे वहीत चढत राहिले, पण ते केवळ सरकारपुढे मांडायचे एक प्रशस्तिपत्र झाले.

याच सुमाराच्या काही वर्षांत महाराष्ट्राने कृपेच्या अधिकाराचे जे रूप पाहिले ते या निकालाशेजारी ठेवून वाचावे लागते. नौदलातील कमांडर कावस नानावटी याने २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरवले, तरी मुंबई उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी, अपील निकालात निघेपर्यंत, ती शिक्षा तहकूब केली. घटनेच्या अनुच्छेद १६१ ने राज्यपालाला दया दाखवण्याचा, शिक्षा कमी करण्याचा आणि तहकूब करण्याचा अधिकार दिला आहे. पण प्रकरण आपल्यापुढे चालू असताना तो अशा रीतीने वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने सांगितले. नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली आणि मार्च १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली. म्हणजे अंतिम निकालानंतर अडीच वर्षांच्या आत तो मोकळा झाला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला गोपाळ गोडसे आणि त्याच खटल्यात जन्मठेप झालेला विष्णू करकरे यांची, पंधराहून अधिक वर्षांच्या कारावासानंतर, सुटका झाली. दोन्ही प्रकरणांत गुन्ह्याचे स्वरूप एकमेकांपासून अर्थातच फार वेगळे होते. पण माफीच्या दिवसांची संख्या दोन्हींत सारखीच निरुपयोगी ठरली, हेही खरे आहे.

गोडसेच्या सुटकेचे पडसाद पुण्यात उमटले. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेल्या एका सत्यविनायक पूजेच्या समारंभात त्याचे स्वागत झाले आणि तेथे ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी, हत्येच्या बेताची आपल्याला आधी कुणकुण होती, अशा अर्थाचे विधान केले. विधानसभेत आणि संसदेत गदारोळ उडाला, गोडसेला भारत संरक्षण नियमांखाली पुन्हा अटक झाली, आणि या विधानातून उपस्थित झालेल्या प्रश्नाच्या चौकशीसाठी पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोग नेमला गेला. शिक्षेतील सूट ही केवळ कैदी आणि सरकार यांच्यातील बाब नसते, सुटलेला माणूस परत येतो तो समाजही तिच्यात पक्षकार असतो, हे या प्रकरणाने महाराष्ट्राला जितक्या कडूपणे शिकवले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रकरणाने शिकवले असेल.

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग त्याआधीच माणदेशात झाला होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेवरून, आटपाडीजवळ कैद्यांची मोकळी वसाहत वसवली आणि तिला स्वतंत्रपूर असे नाव दिले. भिंत नाही, बेडी नाही, शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे, अशी ती व्यवस्था होती. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये पडद्यावर आणलेला ‘दो आँखें बारह हाथ’ याच वसाहतीवरून सुचला. पुढे येरवडा, पैठण आदी ठिकाणी राज्याने खुली कारागृहे काढली आणि त्यांच्या नियमांत माफीचा सर्वांत उदार दर ठेवला: खुल्या कारागृहातील प्रत्येक दिवसामागे एक दिवस सूट. अंदमानच्या शिडीतले ‘तिकीट’ जणू येथे परत आले, फक्त बेटाच्या जागी उसाचा फड आला.

रजेच्या नियमांतही माफी लपलेली आहे. १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनी दोन प्रकारच्या रजा दिल्या. फर्लो, म्हणजे सरकारी मराठीत संचित रजा, ही दीर्घ मुदतीच्या कैद्याला विशिष्ट काळ शिक्षा भोगल्यावर, घराशी नाते टिकावे म्हणून, विशेष कारणाशिवाय मिळते आणि बाहेर काढलेले दिवस शिक्षेतच धरले जातात. पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा, ही घरातील मृत्यू, आजारपण किंवा लग्न अशा कारणासाठी मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, ते मागाहून भोगून द्यावे लागतात.

१९७० च्या दशकात वारे फिरले. राज्यमाफीच्या सढळ वाटपामुळे खुनाचे कैदी आठ-दहा वर्षांतच सुटतात अशी तक्रार वाढली आणि संसदेने १९७३ च्या नव्या संहितेत कलम ४३३-अ घातले, जे १८ डिसेंबर १९७८ पासून लागू झाले. ज्या गुन्ह्याला देहान्ताचीही शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीऐवजी जन्मठेप मिळाली असेल, तर माफी कितीही जमली तरी प्रत्यक्ष चौदा वर्षे आत काढल्याशिवाय सुटका नाही, असे ते सांगत होते. मारूराम खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ते वैध ठरवले. मात्र ते लागू होण्याआधी शिक्षा झालेल्यांना त्यातून वगळले, आणि राष्ट्रपती व राज्यपाल यांचा घटनादत्त अधिकार या चौदा वर्षांनी बांधला जात नाही, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा असतो, असेही बजावले. शंभर वर्षे ज्याला लोक जन्मठेपेची कमाल मर्यादा समजत होते तो चौदाचा आकडा अशा रीतीने किमान मर्यादा म्हणून कायद्यात आला.

चौदा वर्षांनंतर काय, यासाठी राज्यांनी मुदतपूर्व सुटकेची धोरणे केली. महाराष्ट्राने १९९२ मध्ये आणि नंतर १५ मार्च २०१० रोजी जे मार्गदर्शक तक्ते काढले त्यांत गुन्ह्यांचे प्रवर्ग पाडले: घरगुती भांडणातून अचानक झालेला खून, पूर्वनियोजित खून, स्त्रिया वा मुलांवरील अत्याचारासह खून, टोळीने केलेला खून, आणि प्रत्येकापुढे माफीसह किती वर्षे भोगायची त्याचा आकडा. अंदमानात शिडीची पायरी कैद्याच्या वागण्यावर ठरत होती. या तक्त्यात ती बहुतांशी गुन्ह्याच्या दिवशीच ठरते. लक्ष्मण नस्कर प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याचा समाजावरील परिणाम, पुन्हा गुन्हा होण्याचा संभव, कैदी पुन्हा गुन्हा करण्याच्या स्थितीत उरला आहे का, आत ठेवण्यात काही अर्थ राहिला आहे का, आणि कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती, असे पाहण्याचे मुद्दे घालून दिले खरे. पण तक्ता हाताशी असला की मुद्दे फायलीच्या तळाशी जातात, हा सरकारी कामकाजाचा स्वभाव आहे. शिक्षा झाली त्या दिवशीचे धोरण लागू करावे आणि नंतरचे अधिक उदार असेल तर त्याचा लाभ द्यावा, असे २०१० च्या जगदीश प्रकरणात ठरले. दुसरीकडे, २००८ च्या स्वामी श्रद्धानंद प्रकरणापासून न्यायालयांनी फाशी टाळताना ‘इतकी वर्षे माफीविना’ अशी शिक्षा द्यायला सुरुवात केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती मान्य केली. माफीचा दरवाजा आता सरकारबरोबर न्यायालयही बाहेरून बंद करू शकते.

सरकारच्या निवडीला मर्यादा किती, हा प्रश्न बिल्किस बानो प्रकरणात पणाला लागला. सामूहिक बलात्कार आणि खुनांचा हा गुन्हा २००२ मध्ये गुजरातेत घडला, पण खटला २००४ मध्ये मुंबईला हलवला गेला आणि जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने आपल्या १९९२ च्या धोरणाखाली त्या सर्वांना सोडले. ज्या राज्यातील न्यायालयाने शिक्षा दिली तेच राज्य माफीचा निर्णय घेऊ शकते, असे संहितेच्या कलम ४३२ मध्ये स्पष्ट होते, आणि मुंबईतील न्यायाधीशाचे मतही सुटकेच्या विरुद्ध होते. महाराष्ट्राच्या धोरणात अशा गुन्ह्यासाठी २८ वर्षांची मर्यादा होती. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातला हा अधिकारच नव्हता या कारणाने, सुटकेचे आदेश रद्द केले आणि दोन आठवड्यांत तुरुंगात हजर होण्यास सांगितले. २१ जानेवारीच्या रात्री अकराही जण गोध्रा येथील कारागृहात परत गेले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त केंद्राने जी विशेष माफी योजना आखली होती तिच्यात जन्मठेपेचे आणि बलात्काराचे कैदी वगळले होते, आणि तरीही सुटकेसाठी निवडलेला दिवस स्वातंत्र्यदिनाचाच होता.

कृपेचा अधिकार काढून टाकावा असे या इतिहासातून निघत नाही, कारण त्याच्याशिवाय जन्मठेपेच्या कैद्यापुढे मरणाखेरीज दुसरी सुटका उरणार नाही. दोष आहे तो कारणे न सांगता निवड करण्यात, आणि तो १८९८ मध्ये, १९२४ मध्ये व १९६४ मध्ये जसा होता तसाच २०२२ मध्येही दिसला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७५ खाली चौदा वर्षांची किमान मर्यादा कायम आहे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ज्या राज्यात माफीचे धोरण आहे तेथे पात्र कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता सरकारने आपणहून विचार करावा, निर्णयाची कारणे थोडक्यात पण लेखी द्यावीत, अटी संदिग्ध किंवा पाळता न येण्याजोग्या घालू नयेत, आणि जेथे धोरण नाही तेथे ते दोन महिन्यांत करावे.